पाऊस, उचल आणि सोनोग्राफी

२०२५ च्या जुलैच्या शेवटच्या आठवड्यात चुलती कळंबला आमच्या घरी आली ती भर दुपारी. तिचं गाव मांजरेच्या पलीकडे, केज तालुक्यात. माझं माहेरही तेच. सकाळपासून ती ई-सेवा केंद्रासमोर बसून होती. कापडी पिशवीत सातबारा, आठ-अ, आधारची झेरॉक्स, शेतकरी ओळख क्रमांकाचा कागद आणि कनवटीला घामानं ओल्या झालेल्या नोटा. साइट चालत नव्हती, मुदत संपत आली होती, पोरगा म्हणाला होता जेवून या. तिची जमीन अडीच एकर, म्हणजे हेक्टरभर. सोयाबीनला हेक्टरी पन्नास-साठ हजारांचं संरक्षण आणि त्यावर शेतकऱ्याचा हिस्सा दोन टक्के, म्हणजे हजार-बाराशे रुपये. आदल्या वर्षीपर्यंत हेच काम एका रुपयात होत होतं. चहा बशीत ओतून ती बराच वेळ फुंकत राहिली आणि मग म्हणाली, "माय, तू कॉलेजात ते चान्सचं गणित शिकवतीस म्हनं. मग मला येक सांग. ह्या पैशात येकच व्हतंय. सोयाबीनचा ईमा भरू, का सुनंची सोनोग्राफी करू?"

सून तिशीच्या आतली. दोन लेकरं. दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते. वर्षभरापासून तिच्या ओटीपोटात दुखतंय, अंगावरून पांढरं जातंय. गावाजवळच्या एका डॉक्टरानं पोट दाबून पाहिलं आणि सांगितलं की गर्भपिशवीला सूज आहे, लेकरं झालीच आहेत तर काढून टाका, पुढे कॅन्सरचा चान्स असतो. सोनोग्राफी करून या, मग तारीख धरू. चुलतीला त्या एका वाक्यातला चान्स आणि पावसाचा चान्स शेजारी ठेवून पाहायचा होता. कोणता मोठा?

मी तिला सांगितलं की विमा भर, आणि सुनेला घेऊन ये, सरकारी दवाखान्यात दाखवू, तिथं सोनोग्राफीला पैसे लागत नाहीत. ती निघून गेली. पण तिनं विचारलं होतं ते राहूनच गेलं. मी तिला पैशाची वाट काढून दिली, गणित करून दिलं नाही. आणि ते गणित माझ्या मनातून हलेना, कारण ते तिच्या एकटीचं नाही. हा देश दरवर्षी अर्थसंकल्पात हाच प्रश्न सोडवत असतो: शेताच्या जोखमीला किती आणि शरीराच्या जोखमीला किती.

१७३८ साली डॅनिएल बर्नुली या गणितज्ञानं सेंट पीटर्सबर्गच्या एका व्यापाऱ्याचं उदाहरण मांडलं होतं. त्याचा दहा हजार रूबल किमतीचा माल ॲमस्टरडॅमहून समुद्रमार्गे यायचा आहे. त्या मोसमात शंभरातली पाच जहाजं बुडतात. म्हणजे सरासरी नुकसान पाचशे रूबल. पण आठशेच्या खाली कुणीच विमा उतरवायला तयार नाही. व्यापाऱ्यानं तो घ्यावा का? बर्नुलीचं उत्तर असं की ते जहाजावर अवलंबून नाही, व्यापाऱ्याच्या घरात आणखी किती पैसा आहे त्यावर अवलंबून आहे. त्यानं तो आकडाही काढून दाखवला: बाकीची मालमत्ता ५,०४३ रूबलपेक्षा कमी असेल तर महागडा विमासुद्धा घेणं शहाणपणाचं. हे मी दरवर्षी शिकवते, आणि दरवर्षी मला त्यातली माणुसकी नव्यानं जाणवते. ज्याच्याकडे थोडं आहे, त्याचा एक रुपया मोठा असतो. ज्याच्याकडे भरपूर आहे, तो तोटा सोसू शकतो, म्हणून त्याला विम्याची गरज कमी. आमच्याकडे नेमकं उलटं घडतं. शहरातल्या नोकरदाराकडे पगार, भविष्यनिर्वाह निधी, कंपनीचा आरोग्य विमा, सगळं असतं. अडीच एकराच्या बाईकडे कनवटीच्या नोटा असतात आणि त्यातून निवड करायची असते.

त्याच लेखात बर्नुली आणखी एक गोष्ट सांगतो: सगळा माल एका जहाजात भरू नका, दोनचार जहाजांत वाटून टाका. एक बुडालं तरी दुसरं पोचेल. विम्याचा सगळा धंदा या एका वाक्यावर उभा आहे. हजारो लोकांची संकटं एकमेकांपासून सुटी असतील, तर एकूण नुकसान किती होईल हे बऱ्यापैकी आधी सांगता येतं. माझ्या अपेंडिक्सचा परभणीतल्या कुणाच्या अपेंडिक्सशी संबंध नसतो. म्हणून लाखभर माणसांनी थोडे थोडे पैसे एकत्र ठेवले की ज्याचं दुखेल त्याचं भागतं. पण पाऊस असा सुटा पडत नाही. तो येत नाही तेव्हा कळंबला येत नाही, केजला येत नाही, औशाला, गंगाखेडला, भूमलाही येत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा आमच्या सबंध पट्ट्यात कुणी कुणाला टँकर उसना देऊ शकेल अशी स्थिती नव्हती. मामाकडे जावं तर मामाचीही विहीर कोरडी. लेकीच्या सासरी मागावं तर तेही चारा छावणीत. ज्यांच्या आधारावर माणूस वाईट वर्ष काढतो ते सगळे एकाच दिवशी रिकामे झालेले.

सगळी जहाजं एकाच वादळात.

पिकाची जोखीम मोजायची कशी, या प्रश्नाशी मराठी माणसांनी आयुष्यभर झुंज दिलेली आहे, आणि त्याची आठवण आमच्या गावांत फारशी कुणी ठेवलेली नाही. साताऱ्याकडच्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी चाळीसच्या दशकात दाखवून दिलं की पीक कापणीच्या प्रयोगात, म्हणजे शेताच्या एका तुकड्यातलं पीक तोलून उत्पन्न ठरवताना, छोटा तुकडा घेतला तर उत्पन्न फुगून दिसतं. तुकडा जितका लहान, तितकी त्याची कड मोठी, आणि कडेवरचं ताट आत धरायचं की बाहेर सोडायचं अशी शंका आली की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. मी सातवी-आठवीत असताना आमच्या वावरात असा प्रयोग झाला होता. कृषी सहायक, तलाठी, दोन पंच आणि हातात कागद धरलेला एक पोऱ्या. चिठ्ठीतल्या आकड्याप्रमाणे पावलं मोजत ते आत शिरले. दहा मीटर बाय पाच मीटरचा आयत दोरीनं आखला, चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्या. वडील बांधावर उभे. दोरी जिथं पडली तिथं नेमकी काळी, भारी माती होती आणि सोयाबीन कमरेला लागत होतं. खालच्या अंगाचं चोपण वावर, जिथं पिवळी पडलेली रोपं होती, ते दोरीपासून लांब राहिलं. वडील एवढंच म्हणाले, "खाली बी येकदा टाका की दोरी." कृषी सहायक भला माणूस होता. तो म्हणाला की दादा, तसं करता येत नाही. आणि त्याचं बरोबर होतं. दोरी मालकाच्या सांगण्यावरून टाकली तर नमुन्याला अर्थच राहत नाही. पण वाळलेल्या शेंगांचा तो कुसळी वास, मळून झाल्यावर ताडपत्रीवरचे दाणे, तराजूचा काटा, आणि वडिलांचं बांधावर गप्प उभं राहणं माझ्या डोक्यात तेव्हापासून एकत्र आहे. एका महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, असे दहाएक प्रयोग होतात. शेताशेतांतली तफावत चाळीस टक्के धरली, तर दहा प्रयोगांच्या सरासरीत तेरा टक्क्यांच्या आसपासची त्रुटी राहते. भरपाई मिळणार की नाही हे कधीकधी एवढ्याच फरकावर ठरतं.

प्रत्येक शेताचा वेगळा पंचनामा न करता सबंध मंडळाची सरासरी पाहायची, हा विचार पुण्याचे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांचा. सत्तरच्या दशकात त्यांनी तो मांडला आणि १९८५ च्या देशव्यापी पीक विमा योजनेत तो उतरला. नीलकंठ रथांबरोबर १९७१ मध्ये देशातल्या दारिद्र्याचा अंदाज मांडणारे तेच, आणि १९८४ मध्ये मराठवाड्याच्या अनुशेषाचा हिशोब करणाऱ्या समितीचे अध्यक्षही तेच. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. एकेका शेतावर जाऊन नुकसान ठरवायचं तर खर्च आवाक्याबाहेर जातो आणि खोटेपणाला वाट मिळते, हे त्यांनी ओळखलं होतं. पण मंडळाची सरासरी बरी असेल आणि माझंच वावर ओढ्यानं खरडून नेलं असेल, तर मला काही मिळत नाही. शिवाय उंबरठा उत्पन्न, म्हणजे ज्याच्या खाली मंडळाची सरासरी गेली तरच भरपाई मिळते तो आकडा, काढतात ते मागच्या सात वर्षांतल्या उत्तम पाच वर्षांच्या सरासरीवरून, आणि त्याचेही सत्तर टक्केच धरतात. ज्या मुलखात सातातली चार वर्षं वाईट जातात, तिथं उत्तम पाचातही दोन वाईट घुसतात. उंबरठा आपोआप खाली बसतो. ज्याचं जितकं वेळा बुडालं, त्याचं तितकं कमी पीक 'नेहमीचं' मानलं जातं. ही बाब मला इतर कुठल्याही भ्रष्टाचारापेक्षा जास्त खुपते, कारण यात कुणी कुणाला फसवत नाही. सूत्रच तसं आहे.

२०२० मध्ये बीड जिल्ह्याच्या पीक विम्यासाठी एकही कंपनी पुढे आली नाही. गावात लोक म्हणाले, कंपन्यांना आमची कीव नाही. मला वाटतं कंपन्यांनी फक्त हिशोब केला होता: एका जिल्ह्यातली लाखो खाती एकाच वर्षी पैसे मागणार, आणि हे वारंवार होणार. अखेर सरकारच्या भारतीय कृषी विमा कंपनीनं जबाबदारी घेतली ती एका अटीवर. भरपाई जमा हप्त्याच्या ११० टक्क्यांवर गेली तर वरचा भार राज्य सरकार उचलेल, आणि ८० टक्क्यांच्या खाली राहिली तर कंपनी २० टक्के ठेवून उरलेले राज्याला परत देईल. हाच पुढे बीड पॅटर्न म्हणून राज्यभर गेला. आमच्या जिल्ह्यांची नावं बहुधा दुष्काळाच्या यादीत येतात. इथं एक आर्थिक विचार बीडच्या नावानं ओळखला जातो, याचं मला बरं वाटतं. एका जिल्ह्याचं वादळ त्या जिल्ह्यात झेपत नाही, ते मोठ्या वर्तुळात पसरावं लागतं, हे त्यात मान्य केलेलं आहे.

आता शरीराकडे येते.

मांजरेच्या अलीकडच्या काठावर, आमच्या धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादेत, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा, जगभरच्या वैद्यकशास्त्रानं दखल घेतलेला एक अभ्यास झाला. १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका त्यात होत्या. बार्शीचं कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा स्मारक आणि कर्करोगावर संशोधन करणारी एक आंतरराष्ट्रीय संस्था यांनी मिळून तो केला. गावांचे ५२ गट पाडून, कुठल्या गटाला कोणती तपासणी द्यायची हे यदृच्छेनं ठरवलं. एका गटाला, या कर्करोगाला कारण होणाऱ्या एचपीव्ही विषाणूची एकदाच चाचणी, दुसऱ्याला पेशींची, तिसऱ्याला नुसत्या डोळ्यांनी पाहून केलेली, आणि चौथ्याला कोणतीच नाही, फक्त माहिती. कळंब तालुक्यातल्या माझ्या मावशीला ती जीप अजून आठवते. शाळेच्या खोलीत पडदे लावले होते, बायका ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या, आणि पहिली कोण आत जाणार यावरून ढकलाढकली चालली होती. डॉक्टरीण बाईनं तिचा हात धरून ठेवला होता, हे ती आवर्जून सांगते. २००९ साली निष्कर्ष आले. आठ वर्षांत ज्या गटाला तपासणी नव्हती त्या ३१,४८८ बायकांपैकी ६४ जणी गर्भाशयमुखाच्या कर्करोगानं गेल्या. विषाणूची चाचणी झालेल्या ३४,१२६ बायकांपैकी ३४. हजारी दोन आणि हजारी एक. एका चाचणीनं मृत्यू निम्म्यावर आले.

त्या चौसष्ट जणींवरून पुढे वाद झाला. तपासणी उपयोगी आहे हे ठाऊक असताना एका गटाला ती न देणं योग्य होतं का? मला याचं एक उत्तर देता येत नाही. वर्गात हे आकडे फळ्यावर लिहिताना खडू जड होतो. त्या बायका इथल्याच, माझ्या विद्यार्थिनींच्या आज्या-मावश्या. त्या नसत्या तर हजारी दोन आणि हजारी एक हा फरक एवढ्या खात्रीनं कुणाला सांगता आला नसता. ज्ञान त्यांच्या जिवावर आलं आणि सगळ्या जगाच्या उपयोगी पडलं. आमच्या गावांत मात्र ते पोचलं नाही. चुलतीच्या सुनेला कॅन्सरचा चान्स सांगणाऱ्या माणसानं तिला हे आकडे सांगितले नाहीत. नदीच्या अलीकडचा हा आकडा पलीकडे गेला असता, तरी फार काही वाचलं असतं.

कारण पलीकडच्या काठाचा आकडा असा आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची सरकारी पाहणी झाली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. शंभरात जवळजवळ सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या देशभरच्या बायकांमध्ये हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. दोन्ही पाहण्यांतली वयं आणि कामं सारखी नाहीत, म्हणून थेट भागाकार करून 'पाचपट' म्हणायला मी कचरते. आणि या शस्त्रक्रियांतल्या काही खरोखर गरजेच्या असणार, गाठी असतात, अतिरक्तस्राव असतो. पण हजारी दोन मृत्यूंच्या भीतीपोटी हजारी एकशे अडुसष्ट पिशव्या निघत असतील, तर ते वैद्यकीय शक्यतेचं गणित उरत नाही. तिथं अर्थशास्त्र आलेलं असतं. १९६३ साली अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी आरोग्याच्या बाजाराबद्दल जे सांगितलं ते इथं तंतोतंत लागू पडतं: इतर बाजारात घेणाऱ्याला आपल्याला काय हवं ते कळतं, दवाखान्यात ते विकणाराच ठरवतो, आणि आजारी माणसाला ते तपासून पाहता येत नाही.

पण डॉक्टरावर सगळं टाकून मी मोकळी होऊ शकत नाही. बाईनं 'हो' का म्हटलं, हे पाहायला फडावर जावं लागतं. तिथं नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली ती कोयत्यावर. एक दिवस बाई कामावर गेली नाही तर खाडा धरतात, पाचशे रुपये किंवा त्याहूनही जास्त. उसाच्या पाचटात पहाटे चारला उतरायचं, मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढायचं, आडोसा नाही, पाणी टँकरचं, पाळीच्या कापडाला धुवायला-वाळवायला जागा नाही. दर महिन्याला दोनतीन दिवस अंगात त्राण नसतं. ते दिवस महाग पडतात. असल्या हिशोबात पिशवी काढून टाकणं हा एकदाच करायचा खर्च वाटतो आणि खाडे कायमचे वाचतात. चुलतीनं हे एका दमात सांगितलं होतं: "दर साली खाडं भरन्यापरीस येकदाच सुटका." हा निर्णय अडाणीपणाचा नाही. समोरचे आकडे घेऊन तिनं चोख हिशोब केलेला आहे. तिच्या हिशोबात पुढचं मात्र नसतं: तिशीत अंडाशयही काढली गेली तर लगेच येणारा पाळी जाण्याचा त्रास, ठिसूळ होणारी हाडं, कंबर, गुडघे, आणि मग चाळिशीत कोयता उचलवत नाही म्हणून गेलेली मजुरी.

आणि शस्त्रक्रियेचे पैसे कुठून येतात? बहुतेक वेळा पुन्हा मुकादमाकडूनच. पुढच्या हंगामाची उचल वाढते.

माझं म्हणणं इथं आहे. पुस्तकात आजार सुटे असतात आणि पाऊस एकत्र असतो. मराठवाड्यात आजारही पावसाला बांधलेले आहेत. पाऊस हुकला की सोयाबीन हुकतं, सोयाबीन हुकलं की उचल वाढते, उचल वाढली की खाडा परवडत नाही, खाडा परवडेना की पिशवी जाते. या साखळीतल्या प्रत्येक कडीची शक्यता वेगळी काढली तर आकडा लहान दिसतो. पण आधीची कडी तुटली आहे हे धरून पुढचीची शक्यता काढली की ती एकदम फुगते. चुलतीनं मला विचारलं विमा की सोनोग्राफी. खरं तर ती एकाच जोखमीची दोन टोकं हातात घेऊन आली होती. सोयाबीनचा विमा वेळेवर आणि पुरेसा मिळाला तर सुनेची उचल कमी होते, आणि तिला दोन दिवस घरी पडून राहता येतं. पीक विमा ही या घरापुरती आरोग्य योजनासुद्धा आहे. उलट बाजूनंही तसंच: दवाखान्याचा खर्च आटोक्यात राहिला तर पेरणीच्या वेळी बियाण्याला पैसे उरतात.

हे देशाला दिसत का नाही? कारण देश विचारतोच वेगवेगळ्या घरांना. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू केली, तिच्यासारखी गोष्ट फार थोड्या देशांकडे आहे, आणि माझी अर्धी शिकवण तिच्या आकड्यांवर चालते. पण आरोग्याची फेरी झाली २०१७-१८ मध्ये, एका नमुन्यातल्या घरांत. शेतकरी कुटुंबांची आणि कर्जाची पाहणी झाली २०१९ मध्ये, दुसऱ्या घरांत. म्हणून ग्रामीण भागात खाजगी दवाखान्यात भरती झालेल्याला २०१७-१८ मध्ये सरासरी सुमारे २७ हजार रुपये लागले आणि सरकारीत सव्वाचार हजार, हे सांगता येतं. शेतकरी कुटुंबाच्या डोक्यावर सरासरी कर्ज किती, हेही सांगता येतं. पण ज्या घराचं पीक गेलं, त्याच घरात, त्याच वर्षी, कोण दवाखान्यात गेलं आणि कुणाच्या पैशानं, हे या दोन्ही पाहण्या शेजारी ठेवूनही निघत नाही. सुट्या शक्यता हातात आहेत, संयुक्त शक्यता नाही. आरोग्यावरच्या एकूण खर्चात लोकांनी स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ वर आला. ही खरोखर चांगली बातमी आहे, आणि मी ती वर्गात आनंदानं सांगते. फक्त उरलेले ३९ टक्के कुणाच्या खिशातून, आणि त्या खिशात त्या वर्षी सोयाबीनचे पैसे आले होते का, हा रकाना त्या तक्त्यात नाही. आयुष्मान कार्ड चुलतीच्याही घरात आहे, पाच लाखांचं. ते भरती झाल्यावर चालतं, तेही योजनेतल्या दवाखान्यात. पांढरं जाण्यावरच्या गोळ्या, तपासणीला जायचं गाडीभाडं, बुडालेला रोज, हे त्यात बसत नाही. म्हणजे गोळ्यांनी बरा होणारा आजार खिशातून आणि शस्त्रक्रिया कार्डावर. शिकलेल्या माणसानंही अशा वेळी कुठली वाट धरली असती?

सून आली. सरकारी दवाखान्यात सोनोग्राफीची तारीख लांबची मिळाली. पण तिथल्या बाईंनी आधी नीट तपासलं, जंतुसंसर्ग आहे म्हणाल्या, नवरा-बायको दोघांनाही गोळ्या दिल्या. पुढे सोनोग्राफीत पिशवी चांगली निघाली. दुखणं बरंच कमी झालं आहे. विमाही भरला गेला. मग सप्टेंबर आला. मांजरा, सीना, तेरणा सगळ्याच पात्राबाहेर. चुलतीच्या वावरात आठवडाभर गुडघाभर पाणी, सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच मोड, आणि उतरणीची माती ओढ्यानं नेलेली. आणि नेमकं त्याच हंगामापासून राज्यानं पीक विम्यातून स्थानिक आपत्तीची, म्हणजे ज्याच्या शेताचं गेलं त्यानं कळवून भरपाई मागायची, तरतूद काढून टाकलेली होती. उरली ती मंडळाची सरासरी. ऑक्टोबरमध्ये सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, नोव्हेंबरमध्ये केंद्रानं सांगितलं की पाणी साचून झालेलं भाताचं नुकसान २०२६ च्या खरिपापासून पुन्हा विम्यात येईल. दोन्ही निर्णय मला हवेच होते. पण पॅकेज हे वादळ झाल्यावर ठरतं आणि विमा आधी. चुलतीला जुलैत काय मिळणार हे माहीत असतं, तर सुनेनं ऑगस्टमध्ये किती उचल घ्यायची हे त्या दोघींना ठरवता आलं असतं. उचल घेतली गेली ती घेतलीच गेली. गोळ्यांचा डोस संपवून सून दिवाळीनंतर कर्नाटकात गेली.

यंदा तिसऱ्या वर्षाच्या मुलांना मी प्रकल्पासाठी एकच फॉर्म करायला लावला आहे: एक घर, एक पान. पेरणी, पीक, उचल, कर्ज, दवाखाना, सगळं त्याच पानावर, त्याच वर्षाचं. पहिला मसुदा एप्रिल ते मार्च असा होता. ऊसतोडीच्या घरातली एक मुलगी उठून म्हणाली की मॅडम, आमचं वर्ष असं नसतं, पट्टा पडला, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपला, की नवं वर्ष धरा. मग आम्ही तसं केलं. तिनंच खाड्याचा रकाना घालायला लावला आणि त्याच्यापुढे कारण: पाळी, ताप, लेकरू आजारी. पट्टा पडल्यावर मांजरेच्या दोन्ही काठांवर एकेका गावात जायचं ठरलं आहे. चुलती म्हणते, बायका बोलतील, पण रात्रीच्या भाकरी झाल्यावर, आणि पुरुष देवळाकडे गेल्यावर या. तिनं कुणाकुणाकडे जायचं याची यादीही सांगून ठेवली आहे. घरं मात्र मतदार यादीवरून चिठ्ठ्या टाकूनच निवडायची आहेत, तिच्या ओळखीची आधी घ्यायची नाहीत. हे तिला फोनवर समजावते आहे, आणि ती प्रत्येक वेळी विचारते, "मंग जिला लई भोगलंय, तिचं नाव चिठ्ठीत नाही निघालं तर?" म्हणून चिठ्ठीत न निघालेल्या बायकांचंही ऐकायचं, वहीच्या वेगळ्या पानावर लिहायचं, आणि बेरजेत धरायचं नाही, असं मुलांना सांगितलं आहे.